पाटीवर काय लिहायचं

मलप्रभेत उतरायला वाट होती, खानापुरात सगळेच सांगायचे.
कुठं, ते कुणी दाखवत नव्हतं.
कौलांच्या बंद कारखान्यामागं घाणेरीचं रान,
त्यात फुटकी कौलं, गणपतीचे सुटे हात,
कुणाच्यातरी लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या.

पहिल्या रविवारी आम्ही सहाजण.
विळे, दोन बुट्ट्या, बस्त्यावची पहार,
दस्तगीरच्या घरचा चहा, जो नऊच्या आत संपला.
जाणारा-येणारा विचारायचा, "काय करूलासा रे?"
"पायऱ्या शोधूलाव," म्हटलं की
मोटरसायकल बंद न करता हसायचा.
वहीत मी लिहिलं: पोती सत्तावीस.
चपला एकोणीस, एकीलाही जोडी नाही.

चौथ्या रविवारी पहार टणकन वाजली.
जांभा दगड.
त्याच्या खाली अजून एक, मधोमध झिजलेला, बशीसारखा,
घागरी टेकवून टेकवून.
नागूबाई खाली बसल्या, खळग्यात तळहात ठेवला.
"ही आमची," एवढंच म्हणाल्या.
ही म्हणजे पायरी, की जागा, की तेव्हाचं वय,
आम्ही विचारलं नाही.
अकरा पायऱ्या निघाल्या. बारावी पाण्यात आहे,
पायाला लागते, डोळ्यांना दिसत नाही.

शटुप्पाचा बाप काहिलीतनं माणसं पल्याड न्यायचा.
गुऱ्हाळ संपलं की तीच काहील, खरवडून, नदीत.
कडेला उरलेल्या गुळाला लागलेल्या मुंग्या
बाजारकऱ्यांबरोबर फुकट पार व्हायच्या.
मग पूल झाला,
आणि शटुप्पा चाळीस वर्षं नदीवरनं गेला,
नदीतनं नाही.

गोव्याहून टेम्पोतनं दोन जुन्या कयाक आल्या, पिवळ्या.
पोरं ओरडली, केळी आली, केळी आली!
शटुप्पानं वल्हं फिरवून बघितलं:
दोन्ही टोकांना पातं? हे काय, मांडूळ?
लाइफ जॅकेट नको म्हणाला, नागूबाईंनी ओरडल्यावर घातलं.
सवयीनं एकाच बाजूला वल्हं मारत राहिला
आणि जागच्या जागी गोल फिरला, तीनदा.
काठावर कुणी हसलं नाही.
मग दस्तगीर हसला.
मग पाण्यातनं शटुप्पाच.

पाटीचा विषय निघाला तेव्हा मात्र कुणी हसेना.
कुठल्या भाषेत? वर कुठली, खाली कुठली, अक्षर केवढं?
आमच्या भागात हा विषय निघाला की
कपातला चहा तसाच गार होतो.
दोन रविवार त्यात गेले. घाटावर शेवाळ चढलं.
शेवटी मल्लव्वाची धाकटी रंगाचे डबे घेऊन आली
आणि कुणाला न विचारता बसली:
जॅकेट घातलेला माणूस,
बाटली, तिच्यावर फुली,
सातव्या पायरीवर लाल पट्टा, पाणी इथवर आलं तर घरी जा,
आणि कोपऱ्यात एक मिशाळ ऊद.
अक्षर एकही नाही.
पहिल्यांदा पाटी वाचली ती नागूबाईंनी,
ज्यांना वाचता येत नाही.

पलीकडं वाळुंजाच्या मुळांशी उदांची बिळं आहेत.
खडकावर खेकड्यांच्या कवचांचा चुरा, वास.
बस्त्यावचं पोर म्हणालं, तिकडंही साफ करूया,
तिकडंही पायऱ्या करूया.
शटुप्पा म्हणाला, तिकडं विळा नाही न्यायचा.
कचरा उचला, होडीत बसूनच, आणि मागं या.
पाहुण्याच्या घरी कुणी झाडू मारतंय?
आणि थोडं थांबून, पाहुणे कोण, ते आधी ठरवा.

आता त्या बाजूला गेलो की आम्ही वल्ही उचलून धरतो.
पात्यांवरनं पाणी टपटपतं, तेवढाच आवाज.

आज पहाटे अकराव्या पायरीवर ओली पावलं होती,
पाच बोटांची, मधे पडदा,
वर आलेली, आणि परत गेलेली.
वहीत कुठल्या रकान्यात लिहू कळेना.
दस्तगीर म्हणाला,
लिही की, पाटी वाचून आला होता.